ग्रंथाची बदलती वस्त्रे

कोकणचा किनारा आणि सह्याद्रीचे घाट यांच्या पायी प्रवासाचे एक पुस्तक माझ्या परिचयाच्या एका लहान प्रकाशकाने १९९७ साली छापले होते. हजार प्रती निघाल्या, चार-पाच वर्षांत संपल्या आणि पुस्तक दुर्मीळ झाले. पुढे कित्येक वर्षांनी इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी वाचकांकडून त्याची विचारणा होऊ लागली. त्यांतील बहुतेकांना छापील प्रतीचा आग्रह नव्हता. हातातल्या मोबाइलवर वाचावयास मिळाले तरी त्यांचे काम भागणार होते. प्रकाशक आनंदले. मजकूर तर संगणकावर जुळवून तयारच होता. आता नव्याने करावयाचे ते काय? त्यांनी कपाटातून जुनी तबकडी शोधून काढली, मला बोलावून घेतले आणि आम्ही दोघे ती उघडून बसलो.

पडद्यावर जे उमटले त्यात एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे यांची एक अखंड रांग तेवढी दिसत होती. हा मजकूर ज्या प्रणालीत जुळविला होता, ती चालावयास संगणकाच्या पाठीमागे एक लहानशी कुलूपवजा डबी लावावी लागे. ती डबी सापडली. परंतु ती जिथे बसवावयाची ती खाचच आजच्या संगणकांना राहिलेली नाही. प्रणाली विकणाऱ्यांचा व्यवसायही केव्हाच बंद पडला होता. पुस्तक प्रकाशकाच्या मालकीचे, तबकडी त्यांच्या हातात, आणि तरीही त्यातला मजकूर त्यांना वाचता येईना.

श्रोतेहो, महाजालाची मुक्त प्रमाणके आणि प्रकाशनव्यवसाय असे माझ्या आजच्या विषयाचे नाव जरा रुक्ष आहे, याची मला कल्पना आहे. पण त्या दुपारी त्या प्रकाशकाचा जो चेहरा झाला होता, तो मी पाहिला आहे. आणि त्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून आपण निश्चिंत राहावे, असे मला वाटेनासे झाले आहे. कारण मराठीतील असंख्य पुस्तके, दिवाळी अंक आणि नियतकालिके यांची त्या काळातील जुळणी अशाच बंद पेट्यांत पडून आहे.

हे असे का घडले ते आधी पाहू. खिळे जुळविण्याच्या काळात देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे शेकडो घरांच्या केसी असत. जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, वर-खाली लागणाऱ्या मात्रा आणि उकार या सर्वांचे खिळे वेगवेगळे. १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले, तेव्हापासून हा पसारा आपल्या मुद्रकांनी सांभाळला. संगणक आला तो मात्र रोमन लिपीच्या मापाने शिवलेला. एका टंकात, म्हणजे फाँटमध्ये, फार तर २५६ घरे. त्यांतलीही काही यंत्राने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेली. आपल्या तंत्रज्ञांनी मग एक युक्ती केली. रोमन अक्षराच्या घरात देवनागरीचे चित्र बसविले. आपल्या डोळ्यांना 'क' दिसे, यंत्राच्या लेखी मात्र ते रोमन लिपीतलेच एखादे अक्षर राही. शिवाय कोणत्या घरात कोणते चित्र बसवावयाचे हे ज्याने त्याने आपापल्या मर्जीने ठरविले. एका कंपनीच्या टंकातला 'क' दुसऱ्या कंपनीच्या टंकात 'ष्ट' होऊन बसे.

कागदावर छापावयाचे असे तोवर या युक्तीने काही बिघडले नाही. उलट, तिच्यामुळे अक्षरजुळणी स्वस्त झाली, अनेक लहान प्रकाशक उभे राहिले. तिला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. पुस्तक कागद सोडून अन्यत्र निघाले तेव्हा अडचण आली. महाजालावर मराठी वृत्तपत्रे प्रथम आली तेव्हा वाचकाला आधी त्या त्या वृत्तपत्राचा टंक आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा लागे, आणि दुसरे वृत्तपत्र वाचावयाचे तर दुसरा. तेव्हा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या ज्यांनी ही खटपट केली असेल, त्यांना ती आठवत असेल. एवढे करूनही त्या मजकुरात एखादा शब्द शोधता येत नसे; कारण शोध घेणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने तिथे मराठी शब्द नव्हतेच.

यावर जो उपाय निघाला त्याचे नाव युनिकोड. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यावयाचा आणि तो क्रमांक कोणा एका कंपनीच्या मालकीचा नसावा, अशी ही व्यवस्था. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तीत देवनागरीची मांडणी आपल्याकडे १९८८ साली तयार झालेल्या 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेली आहे, हे सांगण्यासारखे आहे. दशमान पद्धतीने सांगावयाचे तर 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५. तो पुण्यात जो, तोच टोकियोत, आणि यंत्र बदलले तरी तोच. अक्षराचे रूप कसे काढावयाचे, जोडाक्षर उभे मांडावयाचे की आडवे, हे काम टंकाकडे सोपविलेले. म्हणजे अक्षर कोणते हे एकीकडे, आणि ते दिसते कसे हे दुसरीकडे. ही फारकत ध्यानात ठेवावी अशी माझी विनंती आहे, कारण पुढील सारी गोष्ट तिच्याच भोवती फिरते.

मराठीच्या सर्व गरजा तिथे पहिल्या दिवसापासून भागल्या, असे मात्र समजू नये. 'ॲ' हे आपले अक्षर, ज्यावाचून 'ॲटलास' लिहिणे कठीण, ते २००८ साली या यादीत दाखल झाले. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतील अर्ध्या 'र'ची गोष्ट तर याहून मौजेची आहे. आचार्यास दक्षिणा द्यावयाची आणि आचाऱ्यास पगार द्यावयाचा. एका अर्ध्या 'र'च्या वळणावर हा व्यवहार अवलंबून. हिंदीला या भेदाची गरज नाही, म्हणून हिंदीसाठी बनविलेली अनेक साधने त्याकडे काणाडोळा करीत. साध्या 'र'चा क्रमांक २३५२. त्याच्या शेजारी २३५३ क्रमांकावर खाली टिंब असलेला 'ऱ' आहे. तो मुळात द्राविडी भाषांतील एका ध्वनीसाठी ठेवलेला. त्याचेच अर्धे रूप आपला हा अर्धा 'र' म्हणून ठरविण्यात आले. काही ठिकाणी मात्र साध्या 'र'नंतर डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण घालून तोच आकार काढीत. एखाद्या प्रणालीने ती अदृश्य खूण अनावश्यक समजून झाडून टाकली, की आचाऱ्याचा आचार्य झालाच म्हणून समजावे.

अक्षरांचा प्रश्न असा मार्गी लागला तरी पुस्तक म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत. प्रकरणाचे शीर्षक, उतारा, कवितेची ओळ, तळटीप, चित्राखालचा मजकूर हे सारे पुस्तकात असते. जुन्या छापखान्यात हस्तलिखितावर संपादक समासात खुणा करीत असे: हे शीर्षक, हा उतारा, ही ओळ तिरप्या टाइपात. या खुणांना इंग्रजीत मार्कअप म्हणतात. १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांचे दोन सहकारी या खुणांची एक रीत बसवीत होते. खूण रूपाची न करता अर्थाची करावी, हे त्या रीतीचे तत्त्व. 'हे अठरा पॉइंटात ठळक घ्या' असे न लिहिता 'हे प्रकरणाचे नाव आहे' एवढेच लिहावे. ते किती पॉइंटात घ्यावयाचे हे छापण्याच्या वेळी ठरवावे. या रीतीचे १९८६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणक झाले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत महाजालाची कल्पना मांडली, आणि पुढे त्याच्या पानांसाठी जी एचटीएमएल नावाची खूणभाषा वापरली ती याच कुळातली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. माझ्या मते विसाव्या शतकातील मुद्रणाच्या इतिहासात या तारखेला जेवढे महत्त्व आहे तेवढे फार थोड्या तारखांना असेल.

पुढच्या वर्षी ही प्रमाणके सांभाळण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था निघाली. रूपाची बाजू सांगणारी सीएसएस ही वेगळी भाषा १९९६ च्या डिसेंबरात प्रमाणक ठरली. ही प्रमाणके वापरणाऱ्याला पेटंटापोटी शुल्क द्यावे लागू नये, असे धोरण त्या संस्थेने २००४ साली स्वीकारले. संस्थांचा इतिहास मी इथेच आवरता घेतो. त्यात समित्या फार आहेत.

प्रकाशकाला या फारकतीचा लाभ कसा होतो ते पाहा. मजकुराची एकच मूळ प्रत असते, अर्थाच्या खुणांनी युक्त. तिच्यावर एक वस्त्र चढविले की महाजालावरचे पान होते, दुसरे चढविले की मोबाइलच्या अरुंद पडद्यावर आपोआप ओळी मोडून बसणारे पुस्तक होते, तिसरे चढविले की छपाईची पाने होतात. डोळे थकलेल्या वाचकाने अक्षर मोठे केले तर ओळी नव्याने जुळतात. मजकूर पानाबाहेर सांडत नाही. उद्या एखादे नवे साधन निघाले तर नवे वस्त्र शिवावे लागेल, पण अंग तेच राहील. पीडीएफ हेही २००८ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाणकच आहे आणि छपाईसाठी त्याला तोड नाही. परंतु ते पानाचे जणू छायाचित्र घेऊन ठेवते. डेमी आकाराचे पान चार बोटे रुंदीच्या पडद्यावर वाचणाऱ्याला ते सतत डावी-उजवीकडे सरकवावे लागते. हा व्यायाम ज्यांनी केला आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

पुस्तकांसाठी जे मुक्त प्रमाणक आज रूढ आहे, त्याला ईपब म्हणतात. त्याचा पूर्वज १९९९ साली तयार झाला, ईपब या नावाने ते २००७ साली आले, तिसरी आवृत्ती २०११ साली निघाली; २०१७ साली ते सांभाळणारी संस्था महाजालाच्या संस्थेत विलीन झाली आणि २०२३ च्या मे महिन्यात तिथून त्याची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ईपब पुस्तक उघडून पाहिले तर त्यात गूढ असे काही नाही. ते एक गाठोडे आहे. आत एचटीएमएलची पाने, सीएसएसची वस्त्रे, चित्रे, आणि कोणते प्रकरण कोणत्यामागून यावयाचे याची एक यादी. ज्याला महाजालाचे पान वाचता येते अशा कोणत्याही जाणकाराला ते गाठोडे सोडता येते. ते बनविणारी कंपनी उद्या बुडाली तरी गाठ सुटावयाची थांबत नाही.

याउलट काय होते याची उदाहरणे ताजी आहेत. २०१९ साली मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीने आपले इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचे दुकान बंद केले. ती पुस्तके कंपनीच्याच कुलपात असल्यामुळे जुलै महिन्यापासून विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले. वाचक पानांवर ज्या टिपा करून ठेवतात त्यांचे मोल पैशात कसे होणार? फ्लॅश या तंत्रावर एके काळी मुलांची हलती-बोलती पुस्तके, शैक्षणिक तबकड्या, कितीतरी कौतुकाच्या गोष्टी उभ्या राहिल्या होत्या. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या तंत्राचा आधार काढून घेण्यात आला आणि त्यावर उभे असलेले बहुतेक सारे ब्राउझरमध्ये निश्चल झाले. त्याच सुमारास जुन्या एचटीएमएलमधली १९९० च्या दशकातील साधी पाने आजच्या ब्राउझरमध्येही निमूटपणे उघडत होती. दिसावयास ती गावंढळ आहेत खरी, पण वाचता येतात.

मराठी मजकुराच्या बाबतीत अर्थाच्या खुणांचा आणखी एक उपयोग आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. मजकुराच्या आरंभी 'ही भाषा मराठी' अशी दोन रोमन अक्षरांची खूण घालता येते. लिपी देवनागरी आहे एवढे सांगून भागत नाही, कारण हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत यांचीही लिपी तीच. मराठीची खूण असली की, टंकात तशी सोय असल्यास, 'ल' आणि 'श' ही अक्षरे आपल्या मराठी वळणाची उमटतात. नसली की हिंदी वळणाची. शाळेत ज्यांनी पाटीवर मराठी 'ल' गिरविला त्यांना हा फरक चटकन खुपतो. आणि अक्षरे ओळखून मोठ्याने वाचून दाखविणारी जी यंत्रे आहेत, त्यांना त्या खुणेवरूनच कळते की 'चमचा' हा शब्द मराठी उच्चाराने वाचावयाचा.

हा शेवटचा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तके बोलकी करण्याचे काम डेझी ही जागतिक संघटना १९९६ पासून करीत आली आहे, आणि तिने घडविलेल्या कितीतरी सोयी ईपबमध्ये मुरल्या आहेत. अशा वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करता याव्यात म्हणून २०१३ साली माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होय. करारावर सही झाली, तरी जुन्या टंकातले मराठी पुस्तक यंत्र वाचू लागले तर ऐकणाऱ्याच्या कानी रोमन अक्षरांचा खडखडाट तेवढा पडतो. कायद्याने उघडलेले दार टंकाने बंद करून ठेवले आहे, अशी ही अवस्था.

प्रकाशकमित्रांशी बोलताना दोन शंका नेहमी ऐकू येतात. पहिली, 'मुक्त' म्हणजे पुस्तक फुकट वाटावे लागेल काय? मुळीच नाही. रेल्वेच्या रुळांची रुंदी ठरलेली आहे म्हणून कोणी तिकिटाशिवाय प्रवास करीत नाही. मुक्त आहे ते पुस्तकाच्या बांधणीचे शास्त्र. पुस्तकाची किंमत, लेखकाचे मानधन, प्रताधिकार हे सारे जिथल्या तिथे राहते. ईपबलाही विक्रेते कुलूप घालू शकतात व घालतात. आणि तसे कुलूप घातले की वर सांगितलेले निम्मे फायदे वाचकाच्या हातून जातात, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दुसरी शंका खर्चाची, आणि ती खरी आहे. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडात आणणाऱ्या प्रणाली आहेत; त्या क्षणार्धात तीनशे पाने पालटून देतात. परंतु त्यानंतर मुद्रितशोधकाला बसावेच लागते, आणि चांगला मुद्रितशोधक आता मिळत नाही. मिळाला तर त्याला देण्याइतके पैसे लहान प्रकाशकापाशी नसतात. कोणतेही प्रमाणक ही अडचण सोडवू शकत नाही. एकदा केलेले काम पुन्हा करावे लागणार नाही, एवढेच ते करू शकते. मोल्सवर्थचा कोश घ्या. १८५७ सालची त्याची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे आज कोणालाही घरबसल्या शब्दाशब्दाने शोधता येते. तो मजकूर कोणीतरी एकदा कष्टाने यंत्रात घातला. आता उपकरणे कितीही बदलली तरी ते कष्ट पुन्हा पडावयाचे नाहीत.

आता त्या प्रवासाच्या पुस्तकाकडे येतो. आम्हाला एक पालटणारी प्रणाली मिळाली, तिने तबकडीवरील रोमन अक्षरांतून मराठी मजकूर बाहेर काढला, आणि पहिले पान पडद्यावर आले तेव्हा प्रकाशकांनी ते मोठ्याने वाचले. तिसऱ्या ओळीवर ते अडखळले. प्रणाली हिंदीच्या घडणीची; अर्धा 'र' तिला ठाऊक नव्हता. साऱ्या पुस्तकातील 'वाऱ्या'चे 'वार्या' आणि 'किनाऱ्या'चे 'किनार्या' झाले होते. हे शब्द यंत्राकडून सरसकट दुरुस्त करून घेता आले, कारण 'किनार्या' असा शब्दच मराठीत नाही. पण पुस्तक कोकणचे. त्यात दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत. प्रत्येक ठिकाणी सगळीकडे नुसते 'दर्या'. 'दर्या खवळला' तिथे समुद्र, 'दर्या ओलांडल्या' तिथे डोंगरातल्या दऱ्या, हे क्रियापदावरून समजते. ते यंत्राला समजत नाही, माणसाला वाचूनच ठरवावे लागते. आम्ही दोघे रोज संध्याकाळी दहा-बारा पाने वाचतो. मूळ छापील प्रत बडोद्याच्या एका वाचकाने टपालाने पाठविली आहे. शंका आली की तीत पाहतो.

एकशे सत्तेचाळिसाव्या पानावर लेखकाने घाटमाथ्यावरील एका रात्रीचे वर्णन केले आहे. 'डोंगर, दर्या आणि वारा' असे तीन शब्द तिथे ओळीने आले आहेत, आणि क्रियापदावरून काहीच कळत नाही. माथ्यावरून समुद्र दिसतो आणि दऱ्याही दिसतात. लेखक आता हयात नाहीत. बडोद्याच्या प्रतीत नेमके ते पान कसर लागून त्या ओळीपाशी जाळीदार झाले आहे. ग्वाल्हेरला एका सद्गृहस्थांकडे दुसरी प्रत असल्याचे कळले, म्हणून त्यांना पत्र घातले आहे.